चीड आणणाऱ्या माणसावरचं प्रहसन रडकं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. युवा महोत्सवासाठी दहा मिनिटांचं प्रहसन लिहिलंय. एसटी स्टँडवर एक गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने बोलतायत, शेजारी बसलेला तरुण वैतागतोय आणि शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. वाचनाला सगळे हसले, पण उभं केल्यावर कुणी हसेना. मधल्या काळात तुम्ही 'हाउ टु इरिटेट पीपल' हा १९६८चा ब्रिटिश कार्यक्रम पाहिलात. त्यातली काही स्केचेस, म्हणजे छोटे विनोदी प्रसंग, आवडली, काही लांबल्यासारखी वाटली. विषय तोच असताना त्यांचं हसवतं आणि आपलं रडकं का होतं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तुमच्याकडे विनोद कमी पडलेला नाही. तुम्ही त्रास नीट लिहिलाय, पण तो सोसण्याचं कारण लिहायचं राहून गेलंय. फोनवर ओरडणारा माणूस स्टँडवर भेटतो तेव्हा आपल्याला हसू येत नाही, डोकं उठतं. तोच माणूस जसाच्या तसा रंगमंचावर आणून बसवला तर प्रेक्षकांचंही डोकंच उठणार. वाचनात हे जाणवत नाही, कारण वाचताना आवाज बेताचा असतो आणि ऐकणारे आपलेच मित्र असतात. प्रेक्षक हसतो तो शेजारी बसून चीड गिळणाऱ्या माणसाला. तालमीत मी या दोघांना 'छळणारा' आणि 'सोसणारा' म्हणते. इथेही तेच शब्द वापरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्याकडे चेहऱ्याने बोलणारा नट आहे की जिभेने, यावर निम्मं लेखन ठरतं. साधारणपणे विद्यापीठांच्या महोत्सवात प्रहसनाला सहा कलाकार आणि दहा मिनिटं मिळतात. तुमच्याकडचा नियम एकदा तपासून घ्या. सभागृह तीनशेचं असेल तर भुवई उडवलेली शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मैदानातल्या मांडवात ती वाया जाते, तिथे खांदे आणि हात वापरावे लागतात. बाकीचं मात्र बहुतेक ठिकाणी सारखंच लागू पडतं.

आधी तुम्ही पाहिलेल्या कार्यक्रमाकडे येते. तो ब्रिटिश टीव्हीवरच्या डेव्हिड फ्रॉस्टने अमेरिकी प्रेक्षकांसाठी करून घेतला होता. लांबी तासाभराहून थोडी जास्त. लेखन मुख्यतः जॉन क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन या विनोदी लेखक-नटांचं, काही हात मार्टी फेल्डमन आणि टिम ब्रूक-टेलर यांचा. काम करणाऱ्यांत मायकेल पेलिन आणि कॉनी बूथही आहेत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बीबीसीवर 'मॉन्टी पायथन' ही गाजलेली विनोदी मालिका सुरू झाली, त्यात क्लीझ, चॅपमन आणि पेलिन होते. त्यामुळे १९६८चा हा कार्यक्रम शिकणाऱ्याला फार उपयोगाचा आहे. त्यातल्या काही कल्पना वर्षभरात पुन्हा लिहिल्या गेल्या आणि दोन्ही मसुदे आज आपल्याला शेजारी ठेवून पाहता येतात.

लांबल्यासारखं वाटण्याचं एक कारण रचनेतच आहे. क्लीझ मधूनमधून प्रेक्षकांसमोर येतो आणि लोकांना चीड कशी आणावी हे व्याख्यान दिल्यासारखं समजावतो. मग तेच स्केचमध्ये दिसतं. आधी सांगितलेली गोष्ट पुन्हा घडताना पाहिली की पहिली दोन मिनिटं प्रेक्षक पुढे आणि नट मागे अशी अवस्था होते. तासाभराच्या टीव्ही कार्यक्रमाला असा दोरा लागत असेल, पण तुमच्या दहा मिनिटांना सूत्रधार नको. तुमच्या मसुद्यात सुरुवातीला 'आजकाल लोकांना मोबाइलची शिस्त नाही' असं सांगणारा कुणी असेल तर तो काढून टाका.

त्यातलं सगळ्यात उत्तम स्केच वैमानिकांचं. विमानात सगळं सुरळीत आहे आणि वैमानिक कंटाळलेत. वेळ जावा म्हणून क्लीझ माइकवर प्रवाशांना सांगतो की घाबरण्याचं अजिबात कारण नाही. बस, एवढंच. आता मागे बसलेला प्रवासी विचार करणार की कशाला घाबरायचं नाही? थोड्या वेळाने पुढची घोषणा होते, पंखांना आग लागलेली नाही. हे वाक्य पूर्ण खरं आहे, नम्र आहे, धीर देणारं आहे. त्यातल्या एका शब्दाबद्दलही वैमानिकाला दोष देता येत नाही. चीड आणण्याची खरी कारागिरी ती हीच. छळणारा नियमाच्या आत राहतो, त्यामुळे सोसणाऱ्याला हक्काने भडकायला जागाच उरत नाही.

आता तुमचे गृहस्थ पाहा. ते ओरडतात, पाय पसरतात, शेंगांची टरफलं खाली टाकतात आणि 'तुला काय करायचंय?' असं उलट विचारतात. ते उघड उघड चूक आहेत. तरुण भडकला तर त्याचं बरोबरच आहे, आणि ज्याचं बरोबर आहे त्याच्याकडे पाहून हसू येत नाही. आपण त्याच्या बाजूने रागावतो आणि प्रहसनाचं पथनाट्य होतं.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. सोसणाऱ्याच्या वतीने दोन ओळींचा तक्रार अर्ज लिहून पाहा. 'शेजारील इसम मोठ्याने बोलत होते व कचरा टाकत होते, तरी कारवाई व्हावी.' हा अर्ज शहाण्यासारखा वाटतो ना? म्हणजे प्रसंग बिघडला. आता विमानातल्या प्रवाशाचा अर्ज लिहा. 'वैमानिकांनी पंखांना आग लागली नसल्याचे कळवले, तरी कारवाई व्हावी.' हा अर्ज घेऊन कुठल्याही खिडकीवर गेलं तरी लोक तक्रार करणाऱ्याकडेच विचित्र नजरेने पाहतील. तुमच्या प्रहसनातल्या छळण्याच्या प्रत्येक कृतीला हा अर्ज लावून पाहा. अर्ज जितका वेडगळ, तितकी ती कृती कामाची.

दुसरा प्रश्न असा की सोसणारा उठून का जात नाही? माझ्या अनुभवात निम्मी प्रहसनं इथेच मोडतात. विमानातून उतरता येत नाही, तिथे प्रश्नच मिटला. त्याच कार्यक्रमातलं नोकरीच्या मुलाखतीचं स्केच आठवा. मुलाखत घेणारा क्लीझ, समोर उमेदवार टिम ब्रूक-टेलर. क्लीझ त्याला उगाच उठायला-बसायला लावतो, मध्येच घंटी वाजवतो आणि प्रत्येक गोष्टीनंतर कागदावर काहीतरी टिपून घेतो. ते टिपणं सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्याने आपल्याबद्दल काहीतरी लिहिलं की आपलं वागणं बरोबर होतं की चूक हे कळायला मार्ग राहत नाही. उमेदवाराला नोकरी हवी आहे, त्यामुळे घंटी वाजल्यावर काय करणं अपेक्षित असेल याचा तो मनापासून विचार करतो. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये 'पायथन'मध्ये हेच स्केच पुन्हा आलं, तेव्हा उमेदवार चॅपमन होता. दोन्हींतला उमेदवाराचा चेहरा तेवढा लक्ष देऊन पाहा. दोघांचीही नजर सारखी समोरच्याचा चेहरा वाचायला जाते. त्यांना राग यायच्या आधी शंका येते.

सोसणाऱ्याला बांधून ठेवणाऱ्या या गोष्टीला मी कुलूप म्हणते. कुलूप पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकांना दिसलंच पाहिजे. तुमच्या तरुणाला कुलूपच नाही. स्टँडवर दुसरा बाक नसतो का, हा प्रश्न शेवटच्या रांगेतला माणूसही विचारतो आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत हसत नाही.

आता गाडी आणि पोपट. इथे जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन मसुद्यांच्या फरकात आहे. १९६८च्या कार्यक्रमात गाडी विकणाऱ्याचं स्केच आहे. विक्रेता पेलिन, तक्रार घेऊन आलेला ग्राहक चॅपमन. याचं मूळ पेलिनला प्रत्यक्ष भेटलेल्या एका गॅरेजवाल्यात आहे. गाडीबद्दल काहीही तक्रार केली तरी त्याच्याकडे सबब तयार असायची. स्केचमध्येही ग्राहक एकेक बिघाड सांगतो आणि विक्रेता प्रत्येक बिघाड नव्या गाडीच्या स्वभावात ढकलतो. पुढे क्लीझ आणि चॅपमन यांनी हाच सांगाडा पुन्हा लिहायला घेतला, गाडीच्या जागी मेलेला पोपट आला आणि ७ डिसेंबर १९६९ला ते स्केच बीबीसीवर दिसलं. विक्रेता पुन्हा पेलिनच, ग्राहक मात्र क्लीझ.

काय काय बदललं बघा. गाडीत बिघाड अनेक आहेत आणि प्रत्येक बिघाडाची सबब थोडीशी खरी वाटू शकते. नवी गाडी सुरुवातीला जड चालते, हे आपणही ऐकलेलं असतं. त्यामुळे ग्राहक मनातून डळमळतो. पोपटाच्या बाबतीत बिघाड एकच. तो काउंटरवर सगळ्यांसमोर पडलेला आहे आणि त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. ग्राहकाला शंका उरत नाही, म्हणून त्याचा सगळा जोर भाषेत उतरतो. 'मेलाय' हे एकच वाक्य तो चढत्या क्रमाने इतक्या तऱ्हांनी म्हणतो की शेवटी शब्दांचाच पूर येतो. गाडीचं स्केच ओळखीचं हसू देतं, आपल्यालाही असा माणूस भेटलाय असं. पोपटाचं स्केच ओळखीच्या पलीकडे जातं, कारण असा दुकानदार कुणालाच भेटलेला नसतो आणि तरी त्याचं बोलणं रोजच्या दुकानदारासारखंच असतं.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, दोष कमी करा. तुमच्या गृहस्थांना मोठा आवाज, पसरलेले पाय, टरफलं, उद्धट बोलणं असे चार दोष आहेत. एकच ठेवा, फोन. चार दोष असले की प्रेक्षक यादी करतो, एक असला की वाट पाहतो. दुसरी, सोसणारा केव्हा फुटणार ते आधी ठरवा. पोपटाच्या स्केचमध्ये ग्राहक लवकर फुटतो आणि तरी ते चालतं, कारण तिथून पुढे ते चीड आणण्याचं स्केच राहत नाही, वादाचं स्केच होतं. त्याचं इंधन वेगळं, त्याला शब्दसंपत्ती आणि दमसास लागतो. तुमचा नट जिभेचा पक्का असेल तर तो रस्ता घ्या. चेहऱ्याचा असेल तर गाडीचा रस्ता घ्या आणि फुटणं शक्य तितकं लांबवा. दोन्ही एकात करायला गेलात तर सहाव्या मिनिटाला भांडण होईल आणि उरलेली चार मिनिटं नुसता आवाज चढत राहील. तुमच्या आताच्या मसुद्यात नेमकं तेच होतंय.

पोपटाचं थेट मराठीकरण करण्याचा मोह मात्र टाळा. मोह होतो, कारण आपल्याकडे मरणाला शब्दांची ददात नाही. वारला, खपला, गचकला, आटोपला, राम म्हटला, कैलासवासी झाला, आणखी कितीतरी. पण त्या स्केचची मौज फक्त समानार्थी शब्दांत नाही. काउंटर, पावती, ग्राहकाचा हक्क आणि इंग्रजी दुकानातलं ठरीव सौजन्य यांवर ते उभं आहे. आपल्या दुकानदाराशी आपण तसं बोलतच नाही. आपल्याकडचं सौजन्य वेगळ्या जागी असतं, वयाच्या मानात आणि नात्याच्या हाकांत. अनोळखी माणसालाही आपण काका म्हणतो, आणि एकदा काका म्हटलं की निम्मं भांडण तोंडातच मरतं. तुमच्या प्रहसनाला लागणारं कुलूप तिथेच सापडेल.

चढण कशी बांधायची यासाठी आणखी एक जुनं स्केच पाहा. १९६७च्या 'ॲट लास्ट द १९४८ शो' या ब्रिटिश विनोदी टीव्ही कार्यक्रमातलं पुस्तकाच्या दुकानाचं. दुकानातला विक्रेता क्लीझ, गिऱ्हाईक मार्टी फेल्डमन. गिऱ्हाईक अशी पुस्तकं मागतं की जी नसतातच, पण असलेल्या पुस्तकांच्या इतकी जवळ असतात की विक्रेत्याला दर वेळी आशा वाटते. डिकन्सचं पुस्तक मागितलं म्हणून तो हात पुढे करतो, तर हा डिकन्स वेगळ्या स्पेलिंगचा आणि डच निघतो. पक्ष्यांवरचं पुस्तक आहे, पण त्यातला एक पक्षी गिऱ्हाइकाला आवडत नाही, तो वगळलेली आवृत्ती त्याला हवी आहे.

इथे आशा हे इंधन आहे. नुसता 'नाही, नाही, नाही' असा क्रम असता तर तिसऱ्या नकारानंतर आपण कंटाळलो असतो. 'नाही, नाही, आहे वाटतं, अरे नाही' असा क्रम असल्यामुळे विक्रेत्याबरोबर आपणही पुढे झुकतो. आणि मग खरी करामत येते. मागितलेलं सगळ्यात विचित्र पुस्तक दुकानात चक्क निघतं! विक्रेता सुटला असं वाटतं, तेवढ्यात कळतं की गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत. सुटका व्हावी म्हणून विक्रेता स्वतःच्या खिशातून पुस्तक विकत घेऊन त्याच्या हातात देतो, तर गिऱ्हाइकाला वाचताच येत नाही. शेवटी विक्रेता त्याला शेजारी बसवून पुस्तक वाचून दाखवायला लागतो.

प्रत्येक टप्प्यावर त्रासाचा प्रकार बदलला आहे. आधी शोधायचा त्रास, मग पैशांचा, मग वाचनाचा. आणि प्रत्येक टप्प्यावर सोसणारा थोडा जास्त काहीतरी देतो, आधी वेळ, मग पैसे, मग स्वतःला. दहा मिनिटांत असे पाच टप्पे बसतात, प्रत्येकी पावणेदोन ते दोन मिनिटं. सहावा बसवू नका, शेवट घाईत उरकावा लागतो.

इथवरचं पुन्हा एकदा सांगते, म्हणजे पुढचं लागेल. छळणारा निर्दोष ठेवायचा, सोसणाऱ्याला कुलूप लावायचं, दोष एकच, आणि टप्पा बदलला की त्रासाची जातही बदलायची. आता तुमचाच प्रसंग या बेताने मांडून दाखवते.

पडदा उघडतो. स्टँडवर एकच बाक, बाकामागे चार्जिंगचं एकच भोक चालू. तरुणाच्या मोबाइलवर दोन टक्के बॅटरी, तिकीट मोबाइलमध्ये, आणि चार्जरची वायर आखूड. हे कुलूप. तिकीट फोनमध्ये आहे हे त्याच्या तोंडून एकदा स्पष्ट येऊ द्या, वायर ओढून पाहिल्यावर ती आखूड आहे हे नुसतं दिसू द्या. काका येतात, बसतात, फोन लागतो. दुसऱ्या बाजूला त्यांची आत्या, विषय घरातलं लग्न. दोन वाक्यं मोठ्याने बोलून काका थांबतात आणि तरुणाला विचारतात, "तुला त्रास तर होत नाही ना रे, बाळा?" तरुण म्हणतो, "नाही नाही काका, बोला तुम्ही." इथे दुसरं कुलूप बसलं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने लावलं.

दुसरा टप्पा. काकांना वाटतं पोराला त्रास होतोय, म्हणून ते आवाज कमी करतात आणि फोन झाकून तरुणाच्या बाजूला वाकून कुजबुजतात. आत्याला ऐकू येत नाही, म्हणून आत्या ओरडते. तिसरा टप्पा. काका म्हणतात, "अर्धंच ऐकून तुझी घालमेल होत असेल," आणि फोन स्पीकरवर टाकतात. चौथा टप्पा. पानं चारशे धरायची की पाचशे यावर घरात वाद आहे. काका तरुणाला विचारतात, कारण तिऱ्हाईत माणूस खरं सांगतो. तरुण बराच वेळ टाळतो आणि शेवटी हळूच म्हणतो, "चारशे." फोनमधून आवाज येतो, "कोण म्हणालं चारशे?" पाचव्या टप्प्यात काका फोन त्याच्या हातात देऊन चहा आणायला जातात, त्याच्यासाठीसुद्धा. तरुण आत्याला समजवायला लागतो. एव्हाना त्याचा स्वतःचा मोबाइल चार्ज झालेला आहे, कुलूप उघडलेलं आहे, तो उठून जाऊ शकतो. पण जात नाही, कारण पाचशे पानं कशी वाया जातील हे त्याला आत्याला पटवायचं आहे. आवाज चढतो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पुस्तक उघडून बसतात. तरुण फोनवर हात ठेवून त्यांना विचारतो, "तुम्हाला त्रास तर होत नाही ना?" तिथे अंधार.

यात भांडण कुठेच नाही. काकांची एकही कृती वाईट नाही, आणि तक्रार अर्ज लिहायला बसलात तर 'सदर इसमांनी माझे मत विचारले' एवढंच लिहिता येतं. शेवटही बाहेरून आणावा लागला नाही, पहिल्या मिनिटातलं वाक्यच परत आलं. या बाबतीत 'पायथन'चं अनुकरण करू नका. शेवटची टाळी घ्यायचीच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पोपटाचं स्केच तर लष्करी वेषातला चॅपमन येऊन, फारच वेडगळ होतंय म्हणून थांबवतो. त्यांच्यामागे पुढचं स्केच लगेच जोडलेलं असायचं. तुमच्यामागे परीक्षकांची वही असते आणि रिकामा रंगमंच.

आता उभं करताना काय बिघडतं ते. दोन खुर्च्या वापरू नका, बाकच हवा. खुर्च्यांमध्ये फट राहते आणि तेवढीच सुटका वाटते. बाक प्रेक्षकांना समांतर ठेवण्याऐवजी किंचित तिरपा ठेवा, म्हणजे काका बोलत असताना तरुणाचा चेहरा पूर्ण दिसेल. हशा नेहमी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो, बोलणाऱ्याच्या वाक्यावर फक्त त्याची तयारी होते. त्याच कारणाने तरुणाच्या हातात वर्तमानपत्र देऊ नका, चेहरा झाकला जातो.

आत्याचा आवाज रेकॉर्ड करून वाजवू नका. हशा रोज वेगळ्या लांबीचा येतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज त्यासाठी थांबत नाही. विंगेत एक मुलगी उभी करा आणि तोंडासमोर स्टीलचा पेला धरून बोलायला सांगा, आवाज पोकळ होतो आणि फोनसारखा वाटतो. तिला रंगमंच दिसेल अशाच बाजूला ती हवी.

काकांच्या भूमिकेतला मुलगा पहिल्या तालमीपासून ओरडणार, हे धरून चाला. त्याला सांगा की या माणसाला पोरगं खरंच आवडलंय. छळणाऱ्याला आपण छळतोय हे कळलं की प्रसंग संपला. वैमानिकांचं स्केच याला अपवाद वाटेल, कारण त्यांना कळत असतं. पण तिथे सोसणारे प्रवासी आपल्याला जवळून दिसत नाहीत, आपण कॉकपिटमध्येच असतो. समोरासमोर बसलेल्या दोघांत मुद्दाम केलेला छळ पाहवत नाही.

तरुणाची चूक उलटी असते. तो प्रत्येक वाक्याला प्रेक्षकांकडे पाहून कपाळावर हात मारतो. हे पूर्ण बंद करा. त्याला तोंडभर 'नाही नाही' म्हणायचं आहे, पाच वेळा आणि पाच तऱ्हांनी. पहिला अगदी मनापासून, दुसरा सवयीने, तिसरा उशिरा, चौथा श्वास घेऊन, पाचवा नुसत्या मानेने. हे पाच वेगळे जमले की निम्मं प्रहसन बसलं.

बोलीचा हेल आणि वेषांतर यांवर हशा काढू नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. १९६८च्या कार्यक्रमात भारतीय हॉटेलातलं एक स्केच आहे, पेलिन त्यात अतिनम्र भारतीय झालाय. कल्पना उत्तम आहे, सतत माफी मागून समोरच्याचं जेवण नासवणारा माणूस. पण हशा नम्रतेपेक्षा हेलावर जास्त येतो आणि निरीक्षण वाया जातं. पुढच्या वर्षी 'पायथन'मध्ये जवळपास हीच कल्पना साध्या इंग्रजी हॉटेलात आली. चॅपमन आणि कॅरॉल क्लीव्हलंड जेवायला बसलेत, काटा किंचित मळका आहे एवढंच ते म्हणतात, आणि वेटरपासून व्यवस्थापकापर्यंत सगळे माफीच्या दु:खात कोसळतात. हेल काढून टाकल्यावर अतिरेकी माफी हीच चीड आणणारी गोष्ट म्हणून उघडी पडली. तुमचे काका कोणत्या जिल्ह्याचे आहेत यावर हशा अवलंबून असेल तर लेखन अजून कच्चं आहे. नट ज्या भागातला आहे त्याच भागाचं त्याला बोलू द्या.

वेळेचं गणित असं ठेवा. दहा मिनिटांच्या प्रहसनाचे संवाद आठशे ते नऊशे शब्दांच्या वर नेऊ नका. तालमीत ते साडेसात-आठ मिनिटांत संपलं पाहिजे, उरलेला वेळ हशाचा आणि गिळलेल्या वाक्यांचा. पहिला हशा पाऊण मिनिटाच्या आत हवा. तुमच्या प्रसंगात तो आखूड वायरवर यायला हरकत नाही. हशा आला की संवाद थांबवा, पण शरीर थांबवू नका. तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाका, पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून गाडी ढकलावी लागते.

पहिली तालीम संवादांशिवाय घ्या. बाक, वायर, फोन, चहा, एवढ्यावर दहा मिनिटांचा प्रसंग दोघांनी मुकाट करून पाहायचा. जिथे पाहणाऱ्यांना काय चाललंय ते कळत नाही, तिथे कृती कमी आहे.

नवा मसुदा झाला की तरुणाची वाक्यं तेवढी वेगळ्या कागदावर क्रमाने उतरवून काढा आणि काकांचं काहीही न वाचता नुसती तीच वाचा. 'नाही नाही काका, बोला तुम्ही' पासून 'आत्या, माझं ऐका, चारशेच' पर्यंत माणूस कुठून कुठे गेला हे त्या एका कागदावरून कळायला हवं. मधली दोन वाक्यं उचलून अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडत नसेल तर तो टप्पा अजून चढलेला नाही, तेवढाच भाग पुन्हा लिहा.